पडद्यावरील खोट्या वस्तूंचा खरेपणा

पुण्याच्या जुन्या बाजारांत रविवारीं किंवा बुधवारीं फेरफटका मारणाऱ्या एखाद्या गृहस्थाची दृष्टि गंजलेलीं कुलपें, फुटके कंदील आणि बिनकाट्यांचीं घड्याळें यांच्या राशींत पडलेल्या एका मुकुटावर जाते. मुकुट हलका आहे, त्याचा सोनेरी रंग जागोजाग उडाला आहे आणि खड्यांच्या जागीं नुसतीं भोकें उरलीं आहेत. विक्रेता सहज सांगून टाकतो, "साहेब, प्रभातच्या सिनेमांतला आहे हा." एवढें एक वाक्य उच्चारलें जातांच त्या पत्र्याच्या टोपड्याची किंमत दसपट होते. प्रसंग कल्पनेंतला आहे. पण जुन्या वस्तूंचा नाद असणाऱ्या पुष्कळांना तो ओळखीचा वाटेल. त्या गृहस्थानें पैसे मोजावेत कीं पुढें चालूं लागावें? आणि मोजावयाचेच ठरविलें, तर कशाच्या भरंवशावर?

या प्रश्नाचा विचार करूं लागलें कीं प्रथम एक मौज ध्यानांत येते. नाण्यांचा संग्राहक खऱ्या होनाच्या शोधांत असतो. पितळी होन हातीं आला तर तो कपाळाला हात लावतो. चित्रपटाच्या सामग्रीचा संग्राहक मात्र मुळांतच खोट्या वस्तूच्या मागें लागलेला असतो. राजाचा मुकुट कागदाच्या लगद्याचा, तरवार लांकडाची आणि रत्नें कांचेचीं असावयाचींच. त्याला हवा असतो तो त्या खोट्या वस्तूचा खरेपणा. म्हणजे हीच वस्तु, हिच्यासारखी दुसरी नव्हे, त्या नटाच्या हातीं होती आणि कॅमेऱ्यासमोरून गेली, एवढी एकच गोष्ट. नंदुरबार जिल्ह्यांत सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या सुमारास जी यात्रा भरते, तींतला घोड्यांचा बाजार प्रसिद्ध आहे. त्या भागांतून कोणी शंभर वर्षांचें एखादें खोगीर आणलें, किंवा सातपुड्यांतल्या एखाद्या घरांतली चांदीची हांसळी आणली, तर ती वस्तु जुनी आणि अस्सल असूं शकेल. परंतु ती अमक्या ऐतिहासिक बोलपटांत वापरली होती असें म्हटल्याबरोबर तिच्या जुनेपणाचा पुरावा अपुरा पडतो. वस्तु जुनी असणें आणि ती चित्रपटांतली असणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बाजारांत फसगत होते ती बहुधा याच सांध्यावर.

ह्या वस्तू निर्माण कशा झाल्या हें जाणल्याखेरीज त्यांची पारख करतां येत नाहीं. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं गिरगांवांतील कॉरोनेशन थिएटरांत लोकांपुढें आला, तेव्हां महाराष्ट्रांत नाटकमंडळ्यांचे कपडेपट भरलेले होते. मुकुट, गदा, शालू, दाढ्यामिशा यांच्या पेट्या मंडळीबरोबर गांवोगांव हिंडत. पहिल्या पौराणिक मूकपटांना हा वारसा आयता मिळाला. परंतु नाटकांतला मुकुट प्रेक्षकांपासून वीस हातांवर असतो, आणि कॅमेरा अगदीं जवळ येऊन पाहतो. दुरून झळकणारा बेगड जवळून बेगडच दिसतो. त्यामुळें चित्रपटासाठीं निराळ्या कसबाची गरज उत्पन्न झाली आणि तें कसब कोल्हापुरानें पुरविलें.

आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगविणारे कलावंत. आनंदराव १९१६ सालीं वारले. पुढें बाबूरावांनीं विष्णुपंत दामले यांच्या साह्यानें स्वतः कॅमेरा तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० सालीं 'सैरंध्री' हा मूकपट दाखविला. त्यांतील कीचकवधाचा प्रसंग इतका हुबेहूब वठला होता कीं सरकारी परीक्षकांनीं तो कापावयास लावला. रंगविलेल्या पडद्यांऐवजीं खरोखरीचे उभे देखावे रचण्याची प्रथाहि बाबूरावांनीं पाडली. आतां कल्पना करावी कीं त्या कीचकवधासाठीं केलेलें कांहीं सामान कोल्हापुरांतल्या एखाद्या माळ्यावर आज निघालें. तें ताडून पाहावयाचें कशाशीं? चित्रपटच उरलेला नाहीं. मूकपटांच्या काळांतील बहुतेक वस्तूंची हीच अडचण आहे. साक्ष देणारा पडदाच नाहींसा झाला आहे. राहिलीं तर कांहीं छायाचित्रें, जाहिराती आणि वृत्तपत्रांतले लेख.

बोलपटांच्या बाबतींत परिस्थिति बरीच बरी आहे. दामले आणि फत्तेलाल हे दोघेहि बाबूरावांच्या हाताखालीं तयार झालेले. शांताराम, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासह त्यांनीं १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरांत प्रभात कंपनी स्थापन केली आणि १९३३ सालीं ती पुण्यास आणली. 'अमृतमंथन' (१९३४), 'संत तुकाराम' (१९३६), 'संत ज्ञानेश्वर' (१९४०), 'रामशास्त्री' (१९४४) यांतील दरबार, वाडे, शस्त्रें आणि अलंकार पाहिले म्हणजे चित्रकाराच्या नजरेखालून गेलेलें सामान कसें असतें तें कळतें. १९५३ सालीं प्रभात बंद पडली. त्याच आवारांत १९६० सालीं सरकारची चित्रपटशिक्षण देणारी संस्था सुरू झाली, आणि तेथें प्रभातच्या काळचे पोशाख व सामग्री यांचें एक लहान संग्रहालय आहे. ज्याला ह्या विषयाची गोडी असेल त्यानें बाजारांत पाऊल टाकण्यापूर्वीं तें पाहून घ्यावें. खऱ्या वस्तूचें वजन, तिचा रंग आणि तिच्या मागच्या बाजूचा ओबडधोबडपणा डोळ्यांत बसल्यावांचून नकली वस्तु ओळखूं येत नाहीं.

मागच्या बाजूचा उल्लेख मुद्दाम केला आहे. चित्रपटाचें सामान कॅमेऱ्याला दिसेल तेवढेंच सजविलेलें असतें. सिंहासनाची पाठ कच्च्या फळ्यांची असते, हाराचा मानेकडील भाग साध्या सुतळीचा असतो, ढालीच्या आंत खिळ्यांचीं टोकें वळवून ठोकलेलीं असतात. आंतूनबाहेरून सारखीच सुबक असलेली वस्तु समोर आली तर ती बैठकीच्या खोलीसाठीं केलेली असण्याचा संभव अधिक. चित्रपटसृष्टींतल्या कारागिराजवळ न दिसणाऱ्या बाजूवर खर्च करण्याएवढा वेळहि नसे आणि पैसाहि नसे.

कोणतीहि कंपनी मोडली कीं तिच्या सामानाला तीन वाटा फुटतात. कांहीं वस्तू नोकरमंडळी आठवण म्हणून घरीं नेतात. पुष्कळशा एकगठ्ठा पोशाख भाड्यानें देणाऱ्या दुकानांत जातात. उरलेल्या भंगारांत किंवा चुलींत. पहिल्या वाटेनें गेलेल्या वस्तूचा माग काढणें सोपें असतें, कारण घरांत कोणीतरी सांगणारें असतें. दुसरी वाट फार घोटाळ्याची. भाड्याचा मुकुट आज एका चित्रपटांत धृतराष्ट्र घालतो, पुढच्या वर्षीं दुसऱ्या कंपनींत रावण घालतो, त्यानंतर शाळेच्या स्नेहसंमेलनांत कोणी विद्यार्थी. आणि दर खेपेस त्यावर नवा रंग चढतो. अशा मुकुटाचा खरा धनी कोणता चित्रपट? संग्राहकानें येथें हट्ट धरूं नये. मुकुट चार चित्रपटांचा असेल तर तो चार चित्रपटांचाच म्हणून नोंदवावा. रंगाचा थोडासा टवका उडालेला असेल तेथें भिंगानें पाहिलें तर खालचे थर लांकडाच्या वलयांप्रमाणें दिसतात, आणि ते थर म्हणजेच त्या मुकुटाची बखर. नवा दिसावा म्हणून असा मुकुट घासून चकचकीत करणारा मनुष्य ती बखर स्वतःच्या हातानें फाडतो.

आगींनीं तर ह्या संपत्तीची धूळधाण केली आहे. १९४८ सालीं गांधीवधानंतरच्या दंगलींत कोल्हापुरांतील भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओस आग लावली गेली. त्यांत 'मीठ भाकर' हा चित्रपट जळाला आणि भालजींना तो पुन्हां काढावा लागला. ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यांत फिल्म संस्थेच्या आवारांतील कोठारांत ठेवलेल्या जुन्या ज्वालाग्राही फिती पेटून अनमोल चित्रपटांच्या मूळ प्रती नष्ट झाल्या. १६ सप्टेंबर २०१७ रोजीं चेंबूरच्या आर. के. स्टुडिओस आग लागली, आणि राज कपूर यांच्या चित्रपटांतील जपून ठेवलेले पोशाख व दागिने, तसाच 'मेरा नाम जोकर' मधील विदूषकाचा मुखवटा, हीं त्यांत गेलीं असें त्या कुटुंबानें सांगितलें. ह्या दुर्घटनांचा बाजारावर एक विचित्र परिणाम होतो. "आगींतून वांचलेली वस्तु" ही कथा ऐकणाऱ्याचें काळीज हलविते, आणि त्याच वेळीं कागदपत्रें कां नाहींत याचें आयतें कारणहि पुरविते. म्हणून अशी कथा जोडलेली वस्तु दुप्पट सावधपणें पाहावी. धुराचा काजळा आंतील खांचांतहि शिरलेला असतो कीं नुसता वरून फांसलेला आहे, एवढी तपासणी तर कोणालाहि करतां येईल.

पारखीची पहिली पायरी म्हणजे वस्तूची वंशावळ. ती कोणी बनविली, चित्रण संपल्यावर कोणाकडे राहिली, तेथून कोणाकडे आणि कोणत्या सालीं गेली, हे दुवे एकापाठोपाठ एक मांडावयाचे. साखळींत एखादा दुवा तुटलेला असणें स्वाभाविक आहे. पण जेथें एकहि दुवा कागदावर नाहीं आणि सर्व कांहीं "आमचे आजोबा सांगत" यावरच उभें आहे, तेथें वस्तूची किंमत तिच्या धातूइतकीच समजावी. आजोबा खोटें बोलत असें नव्हे. मनुष्याच्या स्मरणांत चित्रपटांचीं नांवें एकमेकांत मिसळतात, आणि नेहमीं प्रसिद्ध चित्रपटाचेंच नांव वर येतें. पगाराची चिठ्ठी, जमाखर्चाची वही, कारागिराला आलेलें पत्र, स्टुडिओंतल्या गटाचें एखादें छायाचित्र, असा पुरावा वस्तूपेक्षांहि मौल्यवान असतो. दुर्दैवानें माळा झाडतांना घरांतलीं माणसें मुकुट ठेवतात आणि वह्या रद्दीवाल्याला देतात.

दुसरी पायरी पडद्याशीं ताडून पाहण्याची. पूर्वीं हें काम फार कठीण होतें. आतां चित्रपट घरीं थांबवून एकेक चौकट पाहतां येतें. हातानें केलेल्या वस्तूवर तिच्या स्वतःच्या खुणा असतात: मुठीवरील ओरखडा, नक्षींतली एक वांकडी पाकळी, लांकडाची विशिष्ट रेघ, एखादा जास्तीचा खिळा. अशा दोनतीन खुणा पडद्यावर आणि हातांतल्या वस्तूवर एकाच जागीं सांपडल्या तर शंका पुष्कळ दूर होते. आकार जुळला एवढ्यावर समाधान मानूं नये. एका सांच्यांतून दहा मुकुट निघतात. सांचा सारखा असला तरी रंगाऱ्याच्या हाताचे फटकारे मात्र दर वेळीं निराळे पडतात. आणि वस्तु जितकी साधी तितकी ती ओळखणें कठीण. कोणी 'संत तुकारामां'तील पागनीसांची वीणा म्हणून वीणा पुढें केली, तर वारकऱ्यांच्या घरोघर असणाऱ्या वीणांतून ती निराळी कशी काढावयाची? त्यापेक्षां चित्रपटासाठीं मुद्दाम घडविलेली विचित्र आकाराची वस्तु तपासणें शतपट सोपें.

कृष्णधवल चित्रांशीं ताडतांना रंगाचा एक सापळा असतो, तो नीट समजून घेण्यासारखा आहे. मूकपटांच्या काळांत जी फीत सर्रास वापरली जाई तिला लाल रंगाची जाणीवच नसे. लाल लुगडें तींत जवळजवळ काळें उमटे, कुंकू काळें दिसे, आणि निळें आकाश पांढरें फटक पडे. १९३० च्या आगेमागें सर्व रंग ओळखणारी फीत रूढ झाल्यावर हा दोष कमी झाला. अनुकृति करणारा मनुष्य छायाचित्रांत काळा शेला पाहतो आणि काळाच शेला शिवतो. मूळचा शेला लाल असूं शकेल हें त्याच्या गांवींहि नसतें. म्हणून १९२५ सालच्या मूकपटांतली म्हणून जी वस्तु दाखविली जाते, तिचें निळसर-हिरव्या कांचेंतून कृष्णधवल छायाचित्र घेऊन पाहावें. तसें केलें असतां छटा जुन्या चित्राशीं जुळल्या, तर तो एक चांगला पुरावा होय. बोलपटांतहि पांढरें शुभ्र वस्त्र दिव्याखालीं डोळ्यांना खुपे, म्हणून तें मुद्दाम किंचित् मळकट रंगवून घेण्याची रीत होती. धुवून स्वच्छ पांढरें केलेलें "मूळ" धोतर पाहून संग्राहकाला आनंद होऊं नये, खेद व्हावा.

याच्या उलट टोकाचें उदाहरण 'मुघल-ए-आझम'चें. के. आसिफ यांचा हा चित्रपट १९६० सालीं आला तेव्हां बराचसा कृष्णधवल होता. शीशमहालाच्या दृश्यासारखा कांहीं भागच रंगीत होता. त्याच्या सामग्रीसाठीं सारा देश धुंडाळला गेला: पोशाख शिवण्यास दिल्लीचे शिंपी, जरीकामास सुरत-खंबायतचे कसबी, दागिन्यांस हैदराबादचे सोनार, शस्त्रांस राजस्थानचे लोहार, जोड्यांस आग्र्याचे चांभार, आणि मुकुटांस आमच्या कोल्हापूरचे कारागीर. २००४ सालीं संपूर्ण चित्रपट यंत्राच्या साह्यानें रंगविण्यांत आला. ते रंग मागाहून भरलेले आहेत, कॅमेऱ्यानें पाहिलेले नव्हेत. त्या प्रतीवरून एखाद्या अंगरख्याचा रंग जुळतो असें कोणी दाखवूं लागलें, तर त्यावरून अंगरखा २००४ नंतरचा असावा असा तर्क करणें अधिक शहाणपणाचें ठरेल.

तिसरी पायरी द्रव्यपरीक्षेची. ही परीक्षा वस्तु खरी आहे हें क्वचितच सिद्ध करते. पण ती खोटी आहे हें मात्र एका क्षणांत सिद्ध करूं शकते. १९३६ सालच्या बोलपटांतला म्हणून दिलेला मुकुट कांचतंतूंच्या राळेचा निघाला, किंवा मूर्तीचा गाभा थर्मोकोलचा निघाला, तर पुढें बोलणेंच खुंटतें; हीं द्रव्यें दुसऱ्या महायुद्धानंतरच आपल्याकडे व्यवहारांत आलीं. नायलॉनचा धागा, टेरिलीनचें कापड, दोन भाग मिसळून लावण्याचा आधुनिक डिंक यांचेंहि तसेंच. नोटा तपासण्याचा जो जांभळा दिवा दुकानदार बाळगतात, त्याखालीं कापड किंवा कागद निळसर पांढरा चमकला, तर त्यांत किंवा तें धुतलेल्या साबणांत शुभ्रता आणणारें रसायन आहे असें समजावें. तें रसायन सामान्यतः १९५० नंतरचें. येथें मात्र घाई करूं नये. जुनें वस्त्र नव्या साबणानें एकदां धुतलें तरीहि तें चमकतें. म्हणून शिवणीच्या आंतील, दुमडलेल्या भागाचा धागा पाहावा.

एकाच वस्तूचे अनेक जोड असतात, हेंहि नवख्या संग्राहकाच्या लक्षांत राहत नाहीं. जवळून दाखविण्याची तरवार लोखंडी व नक्षीदार, लढाईंत फिरविण्याची लांकडी, आणि मागच्या रांगेंतल्या सैनिकांची नुसती कापलेली फळी. तिन्ही त्याच चित्रपटांतल्या, तिन्ही खऱ्या, पण त्यांची योग्यता सारखी नव्हे. ह्या बाबतींत अमेरिकेंतल्या तांबड्या जोड्यांची कथा सांगण्यासारखी आहे. 'द विझर्ड ऑफ ऑझ' (१९३९) ह्या चित्रपटांत ज्यूडी गारलंडनें टिकल्यांनीं मढविलेले माणकासारखे जोडे घातले होते. मूळ पुस्तकांत ते रुपेरी आहेत. रंगीत फितींत खुलून दिसावे म्हणून तांबडे केले. १९७० सालीं मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनीनें आपलें जुनें सामान लिलावांत काढलें, तेव्हांपासून ह्या जोड्यांचे अनेक जोड निरनिराळ्या हातीं गेले. एक १९७९ सालीं वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयास मिळाला. दुसरा २००५ सालीं मिनेसोटा संस्थानांतील एका संग्रहालयांतून चोरीस गेला आणि तेरा वर्षांनीं पोलिसांना सांपडला. तो खरा कीं नकली हें ठरविण्यासाठीं वॉशिंग्टनला नेला असतां तज्ज्ञांना दिसलें कीं टिकल्यांची घडण जुळते, झीज जुळते, इतकेंच नव्हे तर एका ठिकाणीं हरवलेल्या मण्याऐवजीं बसविलेला, लाल रंग दिलेला साधा कांचमणीहि तसाच आहे. शिवाय असें निघालें कीं दोन्ही जोड उलटसुलट झालेले आहेत; संग्रहालयांतल्या डाव्याचा खरा जोडीदार चोरीच्या जोडांत आणि चोरीच्याचा संग्रहालयांत. घाईघाईनें केलेल्या दुरुस्तीचा तो सामान्य मणी शेवटीं खरेपणाचा साक्षीदार झाला. तोच परत मिळालेला जोड डिसेंबर २०२४ मध्यें २ कोटी ८० लक्ष डॉलरांना, आणि दलाली धरून ३ कोटी २५ लक्ष डॉलरांना विकला गेला.

एवढे आंकडे ऐकले कीं नकला निपजावयाच्याच. 'द मॉल्टीज फाल्कन' (१९४१) ह्या चित्रपटाची गोष्ट एका खोट्या ठरलेल्या पक्ष्याच्या मूर्तीभोंवतीं फिरते. त्या चित्रपटांतली सीशाची "खरी खोटी" मूर्ति २०१३ सालीं ४० लक्ष डॉलरांहून अधिक किंमतीस गेली. आपल्याकडे अजून अशा रकमा ऐकूं येत नाहींत, म्हणून नकलांचा धंदाहि लहान आहे. परंतु जाहिरातींची जुनीं चित्रें आणि गाण्यांच्या पुस्तिका यांच्या नव्यानें छापलेल्या प्रती मात्र जुन्या म्हणून सर्रास खपतात. भिंगाखालीं बारीक ठिपक्यांची जाळी, कागदाच्या कडेचा एकसारखा पिवळेपणा आणि घड्या असूनहि न झिजलेली शाई यांवरून त्या ओळखतां येतात.

आणि चूक होण्यास फसविणाराच लागतो असें नाहीं. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयांत, जें १९६४ सालीं स्थापन झालें आणि २०२२ सालीं चित्रपट विकास महामंडळांत विलीन झालें, 'राजा हरिश्चंद्रा'चीं पहिलें व शेवटचें अशीं रिळें जपलीं गेलीं. पण फाळक्यांनीं हीच कथा १९१७ सालीं पुन्हां चित्रित केली होती, आणि उरलेलीं रिळें १९१३ चीं नसून ह्या दुसऱ्या आवृत्तीचीं आहेत, असें कांहीं जाणत्या अभ्यासकांचें मत आहे. साऱ्या देशानें ज्याला आद्य चित्रपट म्हणून पाहिलें त्याच्याबाबतींत ही स्थिति, तर एका मुकुटाबद्दल छातीठोक बोलणाऱ्याला काय म्हणावें! याच वास्तूशीं संबंध असलेली दुसरी हकीकत 'संत तुकारामा'च्या प्रशस्तिपत्राची. १९३७ सालच्या व्हेनिसच्या महोत्सवांत त्या चित्रपटाचा गौरव झाला; तें प्रशस्तिपत्र मध्यंतरीं गहाळ झालें आणि पुण्यांत कचऱ्यांत सांपडलें, असें प्रसिद्ध झालें आहे.

संग्रह करूं इच्छिणाऱ्यानें कायद्याची बाजूहि डोळ्याआड करूं नये, कारण पौराणिक चित्रपटांतली सर्वांत साधी वाटणारी वस्तु त्याला अडचणींत आणूं शकते. ऋषीच्या आसनाखालचें व्याघ्रचर्म किंवा मृगाजिन खरें असेल, तर १९७२ च्या वन्यप्राणी संरक्षण कायद्याखालीं त्याची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. हस्तिदंती मुठीचेंहि तेंच. खऱ्या पात्याच्या तरवारीस शस्त्रांचा कायदा लागू होऊं शकतो. शिवाय शंभर वर्षें पुरी झालेल्या कलावस्तूंना पुराणवस्तूंचा १९७२ चा कायदा लागतो आणि त्या खाजगी रीतीनें परदेशीं धाडतां येत नाहींत. फाळके आणि बाबूराव पेंटर यांच्या आरंभीच्या चित्रपटांनीं ही शंभरी ओलांडली आहे, हें परदेशस्थ नातलगांना भेट पाठविणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

मुंबई, पुणें, कोल्हापूर येथें राहणाऱ्यांनाच हा छंद साधेल असें नाहीं. नंदुरबार, शहादें, तळोदें अशा ठिकाणीं स्टुडिओ नव्हते, पण चित्रपट तेथेंहि पोंचत. आणि चित्रपटाबरोबर गाण्यांच्या पुस्तिका, भिंतीवरचीं जाहिरातचित्रें, मध्यंतरांत दाखविण्याच्या कांचेच्या पट्ट्या, तिकिटांचे गठ्ठे, रिळांचे पत्र्याचे डबे हीं येत. चित्रणांत वापरलेली वस्तु एकच असते. हीं साधनें मात्र गांवोगांव विखुरलेलीं असतात आणि त्यांच्यावर बहुधा नांवगांव छापलेलें असतें, त्यामुळें पारखहि सोपी. जुन्या चित्रगृहाची वास्तु पाडली जाते त्या आठवड्यांत कोणी जाऊन विचारलें, तर जें रद्दीच्या भावानें जाणार तें वांचतें. मात्र एखाद्या डब्यांत जुनी फीतच निघाली आणि तिला आंबूस वास येत असेल किंवा ती चिकट झाली असेल, तर ती घरांत ठेवूं नये. १९५० पूर्वीची फीत बहुधा नायट्रेटची असते. ती पेटली तर पाण्यानेंहि विझत नाहीं. तिची खबर पुण्याच्या संग्रहालयास किंवा २०१४ पासून मुंबईंत हेंच काम करणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला द्यावी. मुंबईच्या पेडर रोडवरील गुलशन महालांत १९ जानेवारी २०१९ पासून राष्ट्रीय चित्रपट वस्तुसंग्रहालय उघडलें आहे. तेथें ह्या साऱ्या साधनांची मांडणी पाहावयास मिळते.

मिळालेली वस्तु सांभाळण्याचे नियम थोडे आहेत. धुऊं नये, घासूं नये, नवा रंग देऊं नये. जरीचें वस्त्र धुतलेल्या जुन्या मलमलींत गुंडाळावें; घडीच्या जागा वर्षांतून एकदोनदां बदलाव्या, नाहींतर जर तेथेंच तुटते. डांबराच्या गोळ्या टिकल्यांना आणि जुन्या प्लास्टिकला मऊ करतात, म्हणून त्या टाळाव्या. सेल्युलॉइडचे खोटे हस्तिदंत, फण्या व बांगड्या धातूच्या दागिन्यांबरोबर एका पेटींत ठेवूं नयेत. त्यांतून निघणारी आम्लाची वाफ धातूला खाते. वस्तु भिंतीवर उन्हांत टांगण्याचा मोह तर कटाक्षानें आवरावा.

आतां जुन्या बाजारांतल्या त्या मुकुटाकडे वळावें. त्या गृहस्थानें तो हातांत घेऊन आधीं उलटा करावा. आंत कापडी पट्टी शिवलेली आहे काय, तिच्यावर घामाचा आणि रंगभूषेचा डाग आहे काय, एखादा आंकडा किंवा नटाचें नांव पेन्सिलीनें लिहिलें आहे काय, हें पाहावें. विक्रेत्याला चित्रपटाचें नांव विचारण्याऐवजीं मुकुट कोणाच्या घरून आला तें विचारावें. पत्र्याची म्हणून जी किंमत वाटेल तेवढीच द्यावी; बाकीची कथा फुकट ऐकावी. आणि घरीं आल्यावर त्याच दिवशीं एका कागदावर तारीख, जागा, दिलेली रक्कम आणि विक्रेत्याचे शब्द जसेच्या तसे उतरून तो कागद मुकुटाबरोबर ठेवावा. खालीं "खरें असल्याची खात्री झालेली नाहीं" असें लिहिण्यास विसरूं नये.